जुनं चावीचं घड्याळ घेताय? आधी डायल वाचायला शिका

जुन्या घड्याळांचा नाद नव्याने लागलेली मंडळी फोटो पाठवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे ओरिजिनल आहे का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. समजा, समोर एचएमटीचं 'पायलट' नावाचं मॉडेल आहे. आतलं मशीन खरं, एचएमटीच्याच कारखान्यातलं. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, दुसऱ्याच कुठल्या एचएमटीची. चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, बाजारात मिळते ती नवी. काटे जुळवून बसवलेले. आणि डायल अलीकडेच रंगवून तिच्यावर 'पायलट' छापलेलं. नकली म्हणावं तर मशीन खरं आहे. खरं म्हणावं तर डोळ्यांना जे दिसतंय त्यातलं फारच थोडं कंपनीतून तसं बाहेर पडलं होतं.

अशी जुळवलेली घड्याळं मुंबईतून अनेक वर्षं जगभर जात आहेत. परदेशातले संग्राहक त्यांना सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मला हे नाव टोचतं. फावर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळंही मुंबईतूनच देशभर गेली. ज्या शहराला घड्याळांचा एवढा जुना इतिहास आहे, त्याचं नाव फसवणुकीला चिकटावं हे वाईट आहे. डायल रंगवणाऱ्या कारागिरांच्या हातात कसब असतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. खराब झालेली डायल रंगवून घेणं हा मालकाचा हक्क आहे. ती डायल 'ओरिजिनल' सांगून विकली जाते, तिथे फसवणूक सुरू होते.

पैसे देण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे सांगतो. एचएमटी, जपानी सेको ५ आणि जुनी स्विस घड्याळं डोळ्यांसमोर ठेवली आहेत, कारण आपल्याकडचा नवखा माणूस बहुधा या तिघांपैकी एकापासून सुरुवात करतो. सामान फारसं लागत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च आणि बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन एवढं पुरे.

पायरी १ : एकच मॉडेल निवडा

बाजारात जाऊन जे आवडेल ते घेऊ, असं ठरवलंत तर फसण्याची शक्यता सर्वांत जास्त. एक मॉडेल निवडा आणि महिनाभर फक्त त्याचेच फोटो बघा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, ऑटोमॅटिक कांचन ही त्यातली गाजलेली नावं. २०१४ मध्ये एचएमटी वॉचेस बंद होणार अशी बातमी आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या बातम्यांनंतर जुन्या एचएमटींना मागणी आली आणि रंगवलेल्या डायलींना त्यातून आयतं गिऱ्हाईक मिळालं.

फोटो बघायचे तेही निवडून. विक्रीसाठी टाकलेल्या फोटोंवरून शिकलात तर नकली डायलच खरी वाटायला लागेल, कारण विक्रीला असलेल्या मालात तीच जास्त असते. जुन्या जाहिराती बघा, कंपनीचे कॅटलॉग बघा. सगळ्यांत उत्तम म्हणजे घरातली घड्याळं. आजोबांना निवृत्तीला मिळालेलं, मामांनी पहिल्या पगारात घेतलेलं, दुकानाचं बिल अजून कपाटात असलेलं. नातेवाइकांना विचारलंत तर एखादं जनता नाहीतर कोहिनूर निघतंच. ते हातात घेऊन भिंगातून नीट बघा. कंपनीची छपाई कशी दिसते हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं काम निम्मं झालं.

बघताना चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. नाव डायलवर नेमकं कुठे आहे, त्याखाली कोणत्या ओळी आहेत, सहाच्या आकड्याखाली अगदी कडेला काय छापलं आहे आणि काट्यांचा आकार कसा आहे.

पायरी २ : विक्रेत्याची भाषा समजून घ्या

'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी' म्हणजे उघड नकली. तिथे शंकेला जागाच नाही. घोळ होतो तो बाकीच्या शब्दांत. 'रिस्टोअर्ड', 'रिफर्बिश्ड', 'मिंट कंडिशन' असं लिहिलेलं असेल तर डायल रंगवलेली आहे असं धरूनच चालायचं आणि उलट सिद्ध होईपर्यंत तेच धरायचं. 'मशीन ओरिजिनल आहे' हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, आणि म्हणूनच ते फसवं आहे. तुम्ही विचारायचा प्रश्न वेगळा : "डायल रंगवलेली आहे का?" हा प्रश्न लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या.

पायरी ३ : डायल

सगळा वेळ इथे घालवा. जुन्या घड्याळाची बहुतेक किंमत डायलमध्ये असते.

भिंग डोळ्याला लावा आणि आधी अक्षरं बघा. कंपनीची छपाई बारीक असली तरी कडा स्वच्छ असतात, शाई सगळीकडे सारखी असते, ओळ सरळ असते आणि बाराच्या खुणेच्या बरोबर खाली मध्यावर असते. हाताने किंवा घरगुती साच्याने छापलेल्या डायलवर अक्षरं किंचित फुगलेली दिसतात, दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त होतं, 'ज्वेल्स' किंवा 'ऑटोमॅटिक' या शब्दांचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा कधी चुकलेलं असतं. जुन्या एचएमटीवर १७ ज्वेल्स आणि पॅराशॉक असे शब्द दिसतात. ज्वेल्स म्हणजे मशीनमधल्या चाकांचे आस ज्यांत फिरतात ते बारीक खडे. पॅराशॉक ही घड्याळ पडलं तर आतल्या नाजूक आसाला वाचवणारी सिटिझनची व्यवस्था. हे शब्द कसे आणि कुठे छापलेले आहेत ते घरच्या घड्याळाशी ताडून बघा.

मग मिनिटांच्या बारीक रेघा. डायलच्या कडेला साठ रेघा असतात आणि तासाच्या धातूच्या खुणा त्यांच्याशी जुळायला हव्यात. पाचची खूण रेघेच्या जरा डावीकडे, सातची जरा उजवीकडे असं दिसलं, तर डायल खरवडून पुन्हा छापली आहे असं समजा. कंपनीच्या कारखान्यात असा माल तपासणीतून सुटत नाही.

त्यानंतर तारखेची खिडकी. मूळ डायलमध्ये तिची कड धारदार आणि स्वच्छ असते. रंगवलेल्या डायलवर तिथे रंगाचा थर गोळा होतो, कोपरे गोलसर होतात. धातूच्या खुणांच्या बुडाशीही असाच रंग साचतो.

डायलच्या बाहेरच्या कडेवर छोटा खाचा दिसतो का, तेही बघा. पुन्हा छापताना डायल नेमकी कुठे बसवायची हे कळावं म्हणून रंगवणारे अशी खाच पाडतात. घड्याळ उघडल्याशिवाय ती नेहमी दिसेलच असं नाही, पण दिसली तर वाद संपला.

सहाच्या खाली काय आहे? स्विस घड्याळावर तिथे 'स्विस' किंवा 'स्विस मेड' हवं, सेकोवर बारीक अक्षरांत कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा हवा. रंगवणाऱ्याला ही बारीक ओळ जमत नाही, म्हणून तो ती बऱ्याचदा गाळतो, नाहीतर इतकी जाड छापतो की लांबूनही वाचता येते. नवख्याने सर्वांत आधी तपासावी अशी जागा विचाराल तर मी हीच सांगेन.

रंगाचं काय? पायलटची ओळख काळी डायल अशीच आहे. चटक लाल, पोपटी, केशरी, दोन रंगांची पायलट दिसली की थांबा. सैन्यदलाचं किंवा एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह असलेल्या डायली जास्त काळजीने बघाव्या लागतात, कारण संस्थांसाठी खास डायली एचएमटीनेही काढल्या होत्या. नुसत्या चिन्हावरून निकाल देऊ नका. चिन्हाची छपाई आणि कंपनीच्या नावाची छपाई एकाच दर्जाची आहे का, ते पडताळा.

सेको ५ ची गोष्ट जवळपास तशीच. तिच्या डायलवर ढालीच्या आकाराचं ५ चं चिन्ह असतं आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक मॉडेलांत ते धातूचं, वर उचललेलं असतं. ते सपाट, शाईने छापलेलं दिसलं तर संशय घ्या. फावर-ल्यूबाचं चिन्ह वाळूचं घड्याळ. त्यांच्या सी चीफ आणि सी किंग या मॉडेलांच्या रंगवलेल्या डायली बाजारात इतक्या आहेत की नवख्याने सुरुवातीला त्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळाची डायल कोरी करकरीत नसते. पांढरा रंग पिवळसर होतो, वार्निशवर ठिपके येतात, कडेला ओल लागल्याचा डाग असतो. नवख्याला हे दोष वाटतात, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतं, म्हणूनच तो डायल रंगवून घेतो. डाग पडलेली मूळ डायल आणि चकचकीत रंगवलेली डायल यांत निवडायची वेळ आली तर डागाळलेली घ्या. एकदा रंग खरवडला की मूळ छपाई परत येत नाही, आणि दर वर्षी अशा किती तरी चांगल्या डायली केवळ जुन्या दिसतात म्हणून खरवडल्या जातात.

पायरी ४ : 'रेडियम' तपासा

अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण सरसकट रेडियम म्हणतो. फार जुन्या घड्याळांत खरोखर रेडियमच होतं. साठच्या दशकापासून त्याची जागा ट्रिटियम या कमी घातक किरणोत्सर्गी द्रव्याने घेतली आणि स्विस डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर येऊ लागलं. ट्रिटियमची ताकद दर १२.३ वर्षांनी निम्मी होते. म्हणजे १९७० चं टी अक्षराचं घड्याळ आज अंधारात जवळजवळ चमकत नाही. ते हिरवंगार चमकत असेल तर रंग नव्याने भरलेला आहे. यूव्ही टॉर्च मारून बंद करा. जुना रंग टॉर्च बंद होताच विझतो, नवा बराच वेळ उजळत राहतो. काट्यांतला रंग आणि डायलवरचा रंग एकाच छटेचा आहे का, तेही बघा. एक पिवळट आणि दुसरा पांढराशुभ्र असेल तर दोघांपैकी एक नंतरचा.

खऱ्या रेडियमची डायल घरी उघडू नका, खरवडू तर अजिबात नका. तिची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं घातक आहे.

पायरी ५ : काटे, चावी, केस

हे तुलनेने लवकर होतं. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवं. आखूड पडलं किंवा रेघांच्या बाहेर गेलं तर काटे दुसऱ्या घड्याळाचे. चावीवर कंपनीचं चिन्ह असायचं की नव्हतं, ते तुमच्या वहीतल्या नोंदींवरून ठरवा. चावी बदललेली असणं हा मोठा गुन्हा नाही, रोज फिरवून ती झिजतेच. किंमत ठरवताना मात्र ते लक्षात घ्या. केसच्या कडा बोटाने चाचपा. घासून घासून पॉलिश केलेल्या केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात, मागचे आकडे पुसट होतात. क्रोमचा मुलामा असलेल्या केसवर पट्ट्याजवळच्या शिंगांना खालचं पिवळं पितळ दिसत असेल तर घाबरू नका, ती प्रामाणिक झीज आहे.

पायरी ६ : झाकण उघडून घ्या

विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर घेत असाल तरी, ओळखीच्या घड्याळजींकडे घेत असाल तरी. घड्याळजींना "काका, एकदा मागचं झाकण उघडून दाखवाल का?" एवढं म्हटलं की पुरतं. बहुतेक जण आनंदाने उघडतात आणि दोन गोष्टी जास्तीच्या शिकवतात. स्वतः सुरीने झाकण उचकटू नका.

आत मशीनवर कंपनीचं नाव, ज्वेलची संख्या आणि कॅलिबर असतं. जनता आणि पायलटमध्ये ०२३१ हे १७ ज्वेलचं मशीन भेटतं. डायलवर २१ ज्वेल्स आणि मशीनवर १७ असेल तर डायल दुसरीकडची. स्विस नावाच्या डायलखाली भलतंच मशीन निघालं तर तो नुसता रंगाचा प्रश्न राहत नाही, ते घड्याळच बनावट. मशीन केसमध्ये घट्ट बसलंय की प्लास्टिकची नाहीतर कागदाची चकती घालून अडकवलंय, हेही बघा. डायलला मागे दोन पाय असतात, ते मशीनमध्ये बसतात. पाय कापून डायल दुतर्फी चिकटपट्टीने लावली असेल तर ती या मशीनसाठी बनलेली नव्हती. घड्याळजींना हे एका नजरेत कळतं, त्यांना विचारा.

पायरी ७ : सेकोचे आकडे जुळवा

सेको इथे नवख्याला मोठी मदत करते. झाकणावर चार आकडे, मधे रेघ आणि पुन्हा चार असा एक क्रमांक असतो. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे केसचे. ७००९ असेल तर आत ७००९ मशीनच हवं आणि डायलच्या तळाशी बारीक अक्षरांतही ७००९ हवं. रेघेनंतरचा भाग डायलवर थोडा वेगळा असू शकतो, शेवटी अक्षर येऊ शकतं, पण पहिले चार आकडे बदलत नाहीत. झाकण ७००९ चं, डायल ६३०९ ची आणि मशीन ६११९ चं असा माल सर्रास विकला जातो.

झाकणावरचा सीरियल नंबर हा वेगळा आकडा. सत्तरच्या दशकापासून तो सहा आकडी असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य किंवा ओ, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी. ७ ने सुरू होणारा नंबर १९७७ चा की १९८७ चा, हे मशीनच्या कॅलिबरवरून ठरवायचं. ७एस२६ हे मशीन १९९६ मध्ये आलं. विक्रेता ते बसवलेलं घड्याळ 'सत्तरच्या दशकातलं' म्हणून विकत असेल तर त्याचं बोलणं आणि घड्याळ यांचा मेळ बसत नाही.

पायरी ८ : चालवून बघा

जुनं एचएमटी तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. सेको ७००९ आणि ७एस२६ तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा. फोनवर ठोके मोजणारी ॲप मिळतात, शांत खोलीत ती बऱ्यापैकी काम देतात. सेकंद काटा सेकंदाला एकदाच टपकन उडी मारत असेल तर आत सेलचं मशीन आहे. सेको ७००९ आणि ७एस२६ ला चावी देता येत नाही, ती मनगटाच्या हालचालीवर भरतात, आणि चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. नवखा माणूस हा बिघाड समजतो. ती त्या मशीनची रचना आहे.

नवं महागडं घड्याळ असेल तर

रोलेक्स, ओमेगा यांच्या नव्या नकलांची गोष्ट वेगळी आहे आणि नवख्याने तिथे स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. रोलेक्सच्या तारखेवरचं भिंग अडीचपट मोठं दाखवतं, २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काचेवर सहाच्या जागी लेसरने कोरलेला बारीक मुकुट येऊ लागला, काचेच्या आतल्या कड्यावर नाव कोरलेलं असतं. पण आजच्या चांगल्या नकलांत हे सगळं असतं. 'सेकंद काटा टिकटिक करतो म्हणजे नकली' हा सल्लाही अपुरा आहे, कारण रोलेक्सने स्वतः ऑयस्टरक्वार्ट्झ नावाची क्वार्ट्झ घड्याळं १९७७ पासून बरीच वर्षं विकली. एवढे पैसे घालायचे असतील तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. जुनं घेत असाल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उघडून तपासून घ्या, पैसे नंतर द्या. नकली ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

पायरी ९ : व्यवहार

ऑनलाइन घेत असाल तर पाच फोटो मागा : डायल समोरून दिवसाच्या उजेडात, सहाच्या खालचा भाग जवळून, झाकण बाहेरून, मशीन, आणि केस बाजूने. फोटोवर सॉफ्टवेअरची झळाळी नको. विक्रेता दुसऱ्याच घड्याळाचा फोटो पाठवत नाही ना, हे कळण्यासाठी काटे तुम्ही सांगाल त्या वेळेवर लावून फोटो काढायला सांगा. डायल रंगवलेली निघाली तर परत घेईन, असं लिहून घ्या. प्रामाणिक विक्रेते असतात आणि ते यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणत नाहीत. उलट त्यांना असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं.

पहिलं घड्याळ म्हणून शक्यतो साधं जनता किंवा कोहिनूर घ्या, तेही एकाच घरात वापरलेलं. सगळं तपासल्यावरही डायलबद्दल मनात किंतु राहिला आणि घड्याळ आवडलंच असेल, तर रंगवलेल्या डायलीच्या भावात मागा. विक्रेत्याला तो भाव ठाऊक असतो.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा घड्याळजींकडून तेलपाणी करून घ्या. तेव्हा डायल मशीनवरून उतरते, तिची मागची बाजू आणि पाय दिसतात. त्याचे फोटो काढून ठेवा. पुढे कधी हे घड्याळ दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर त्याच्यासोबत ते फोटोही द्या.